खांबेटेकाकांची सासरची मंडळी

“तुझ्याकडे मोठा आरसा आहे का? हातभर तरी हवा.”

खांबेटेकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. ओळख नाही, देख नाही. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी नवऱ्याला फोनवर “येताना दूध आण” एवढंच म्हणाले होते. कोपऱ्यात कानटोपी घालून उभ्या असलेल्या उंच म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि सरळ आरसाच मागितला. मी म्हटलं, आहे, पण तो ड्रेसिंग टेबलला लावलेला आहे.

“मग काढता येईल,” ते म्हणाले. “स्क्रू-ड्रायव्हर मी देतो.”

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सुहास सकाळी सातची ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. माझ्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करायला मनाई. नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं केमिस्ट्री शिकवलेली मी, दिवसभर खिडकीतून नदी बघायची आणि आईला फोन करायला भारतात सकाळ कधी होते याची वाट बघायची. अशा बाईकडे कुणी ड्रेसिंग टेबलचा आरसा मागितला तर ती देते.

लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, “सानिका.”

“पुरावा काय?”

मला वाटलं गंमत करतायत. पण ते खरंच थांबून राहिले. मी नुकतंच मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स पर्समधून काढून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं. “हे तर शुभदा म्हणतंय.”

“ते माहेरचं. पासपोर्ट लग्नाआधी काढला होता ना. सासरी सानिका ठेवलं.”

काकांनी ते दोन्ही हातांनी मला परत दिलं आणि म्हणाले, “बदलू नकोस हो हे.” त्या दिवसापासून ते मला शुभदाच म्हणायला लागले. सबंध अमेरिकेत मला त्या नावाने हाक मारणारा तो एकच माणूस होता, आणि खोटं कशाला सांगू, केवळ तेवढ्यासाठी मी त्यांच्या बऱ्याच विक्षिप्तपणाला माफी दिली.

आरशाचं कोडं दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चहा पिताना सुटायला लागलं. काकांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. भिंतभर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर छतापासून जमिनीपर्यंत नावं, रेघा, बाण. अगदी वर, शिडीशिवाय वाचता येणार नाही अशा जागी, लाल शाईत लिहिलं होतं: ओबेडाया थॉर्नली. “हे आमचे मूळपुरुष,” काका म्हणाले. “इंग्लंडहून गलबतात बसून आले. साडेतीनशे वर्षांच्या वर झाली. सोबत बायको, दोन मुलं आणि एक डुक्कर.”

“आमचे म्हणजे?”

“म्हणजे सासरचे!”

मग सगळा उलगडा झाला. काका साठच्या दशकात इंजिनियरिंग शिकायला बोस्टनकडे आले. तिथल्या लायब्ररीत काम करणाऱ्या मार्था थॉर्नलीशी त्यांनी लग्न ठरवलं. मार्थाच्या वडिलांनी एका वाक्यात संबंध तोडला. लग्न सांगलीला झालं. सासरी तिचं नाव मृणाल ठेवलं. पस्तीस वर्षं संसार झाला, मूलबाळ नाही, आणि आता दोन वर्षांपूर्वी ती गेली होती. खिडकीत, जिथून नदी दिसते तिथे, एक साधी लाकडी पेटी ठेवलेली होती. तिच्यावर इरकलीचा एक तुकडा घातला होता.

“ही इथे आहे,” काका म्हणाले. “जायच्या महिनाभर आधी म्हणाली, मला आईजवळ ठेव. कनेटिकटमध्ये त्यांच्या घराण्याची खासगी दफनभूमी आहे. तिथे ट्रस्टींचा नियम आहे की ओबेडायाचे वंशज आणि त्यांचे जोडीदार, एवढ्यांनाच जागा. वंशज असल्याचं सिद्ध करून द्यावं लागतं. तेवढं केलं की हिला माहेरी पोचवता येईल.”

माहेरी पोचवायचं हे ते इतक्या सहज म्हणाले, की मला वाटलं आता उठून अस्थींच्या त्या पेटीची ओटी भरतील. मी चहाचा कप तोंडाला लावून नदीकडे बघत बसले.

काकांना मोतीबिंदू होता. लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलं होतं. माझ्याकडे लायसन्स होतं, सुहासची जुनी गाडी होती आणि वेळच वेळ होता. तेव्हा महिन्यातून दोनदा आम्ही निघायचो. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेला आरसा, पाण्याची बाटली, मऊ ब्रश, पोळीभाजीचा डबा आणि थर्मास. रस्ता इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांवर असायचा. काका ते वाचून दाखवायचे आणि वळण गेल्यावर सांगायचे की आत्ता वळायचं होतं. कनेटिकटची एकही गल्ली आम्ही चुकायची सोडली नाही.

थडग्यांवरची जुनी अक्षरं झिजून गेलेली असतात, समोरून बघितलं तर सपाट दगड दिसतो. पण आरशाने बाजूने तिरकं ऊन पाडलं की बारीक बारीक सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. मी आरसा धरायची आणि काका गुडघ्यावर बसून मोठ्याने वाचायचे. त्याआधी बूट काढायचे. पाय जुळवून नमस्कार करायचे. मग ओळख करून द्यायचे. “हे आमचे खापरपणजेसासरे. या त्यांच्या दुसऱ्या मंडळी. पहिल्या मंडळी बाळंतपणात गेल्या, त्या तिकडे, झाडाखाली. ये, नमस्कार कर.”

मीही करायची. काय बिघडतं?

सासरच्यांचा त्यांना भारी अभिमान. ओबेडायावर शेजाऱ्याने कोर्टात दावा लावला होता, त्याचं डुक्कर कोंडून ठेवलं म्हणून. त्या दाव्याची नक्कल काकांनी गावच्या दप्तरातून मिळवली होती आणि ती त्यांना तोंडपाठ होती. “डुक्कर आपल्या मक्यात शिरलं होतं, शुभदा. कुंपण त्यांचं मोडकं. आपली बाजू शंभर टक्के खरी!” हे ते चिडून सांगायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज शेतकऱ्याच्या बाजूने सांगलीचा एक ब्राह्मण डुकरासाठी भांडतोय आणि मी मान डोलावतेय, असे आमचे शनिवार जायचे.

दफनभूमीची देखरेख मिस हॉब्स नावाच्या बाई करायच्या. वय काकांएवढंच, पायात रबरी बूट, बोलणं मोजून-मापून. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला रंगेहाथ पकडलं. आभाळ भरून आलेलं होतं, आरशाचा उपयोग नव्हता, म्हणून काकांनी खिशातून पुडी काढून थडग्यावर पांढरी रांगोळी टाकली आणि ती हाताने फिरवायला सुरुवात केली. अक्षरं काय सुंदर उठली! तेवढ्यात मागून आवाज आला, “दगड खरवडला जातो त्याने.” काका दचकून उठले, अंगावर रांगोळी. मिस हॉब्सनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून दगड हळूहळू धुतला आणि मग विचारलं, “तुम्ही कोण यांचे?”

“जावई,” काका म्हणाले.

मिस हॉब्सनी बाटलीचं झाकण लावलं आणि त्या निघून गेल्या. पण पुढच्या खेपेला त्यांनी आमच्यासाठी दोन घडीच्या खुर्च्या काढून ठेवल्या होत्या.

दोन गोष्टी मला त्या फेऱ्यांमध्ये दिसल्या. ओबेडायाच्या मुलांच्या ओळीत तीन लहान दगड होते आणि तिन्हींवर एकच नाव, मेरी. एक मेरी गेली की पुढच्या मुलीला तेच नाव ठेवायचे. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा काकांनी तिन्ही दगडांवरून हात फिरवला. “बघ, नाव काही सोडलं नाही यांनी,” एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे, दफनभूमीच्या टोकाला दोन नवे दगड होते. मार्थाची आई आणि मार्थाचे वडील. त्यांची अक्षरं इतकी ठसठशीत की त्यांना आरसा लागत नव्हता. आईच्या दगडापाशी काका प्रत्येक वेळी जायचे. पण वडिलांच्या दगडासमोरून जायला नको म्हणून सबंध कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूने यायचे. गुडघे दुखत असले तरीसुद्धा.

असं दोन वर्षं चाललं. गावोगावची दप्तरं, चर्चच्या वह्या, जुनी मृत्युपत्रं. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न काकांनी कनेटिकटमधल्या प्रत्येक क्लार्कला विचारला असेल. एकदा तर बाप आणि मुलगा दोघेही जॉन निघाले, आणि कोणता कोण हे ठरवण्यात आमचा सबंध हिवाळा गेला. शेवटी दहा पिढ्यांची फाइल तयार झाली. मी ती टाइप केली, त्यांनी चार वेळा तपासली आणि पोस्टात टाकण्याआधी पेटीला दाखवली.

महिन्याभराने उत्तर आलं. काकांनी मला फोन करून वर बोलावलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. ट्रस्टींनी फार सौजन्याने लिहिलं होतं. आपण घेतलेल्या परिश्रमांबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र ओबेडायापासून मार्थाच्या वडिलांपर्यंतची सर्व कागदपत्रं आमच्याकडे पूर्वीपासूनच आहेत. आम्हाला फक्त शेवटचा दुवा हवा होता. आपल्या पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव मृणाल खांबेटे आहे आणि वडिलांच्या नावापुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलेलं आहे. मृणाल खांबेटे म्हणजेच मार्था थॉर्नली, याचा पुरावा कृपया पाठवावा.

मला आधी हसूच आलं. दोन वर्षं! ती डुकराची केस, ते दोन जॉन, तो सबंध हिवाळा! “काका, म्हणजे एवढं सगळं करायची गरजच नव्हती?”

काका हसले नाहीत. “मला माहीत होतं ते.”

मी पत्र त्यांना परत दिलं.

“शेवटच्या कागदापाशी यायचंच नव्हतं मला, म्हणून वरून सुरुवात केली. दाखल्यावर ते मीच लिहिलं, शुभदा. हॉस्पिटलचा माणूस फॉर्म भरत होता. त्याने विचारलं, वडिलांचं नाव? मला आठवलं, लग्नाला आला नाही, हिची आई गेली ते कळवलं नाही, पस्तीस वर्षांत एक फोन उचलला नाही. म्हटलं, माहीत नाही. त्याने तसंच लिहिलं. आणि मार्था हे नाव तर मी सांगलीतच पुसलं होतं. माझ्या आईची अट होती. ताटात तांदूळ पसरले, हातात अंगठी दिली आणि मी मोठ्या हौसेने मृणाल लिहिलं. म वरून म, तिला सोपं जाईल म्हणून! इथे परत आल्यावर तिनेच मग सगळे कागद त्या नावाने केले. मला आवडतं म्हणून. मागचा एकही ठेवला नाही.”

पत्राची घडी घालत ते पुढे म्हणाले, “शेवटच्या आठवड्यात मृणाल म्हटलं की बघायची नाही. मी हाका मारतोय आणि ती छताकडे बघतेय. नर्सने विचारलं, यांना दुसरं काही नाव होतं का? मी सांगितलं. तिने मार्था म्हणून हाक मारली आणि हिने डोळे उघडले. नर्सने मारली हाक. मला नाही मारता आली. सवय नव्हती ना.”

मला रडू आवरेना. माझ्याही सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले होते. सुहासने सानिका लिहिलं तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसले होते, आणि मला ते नाव आवडलंही होतं. तरी आईचा फोन आला आणि ती “शुभू” म्हणाली की मी फोन ठेवायलाच का तयार नसते, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिथेच मला आठवलं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावच नव्हतं. बारशाआधी नोंद केलेली, नुसतं ‘मुलगी’. पासपोर्ट काढताना ऑफिसातल्या माणसाने तो कागद परत केला होता. तेव्हा माझ्या आत्याने स्टँप पेपरवर लिहून दिलं, की मी बाळंतपणाला हजर होते आणि ती मुलगी म्हणजे हीच. आपल्याकडे निम्म्या लोकांचं अस्तित्व असंच कुणाच्या तरी आत्याच्या सहीवर उभं आहे.

“काका,” मी म्हटलं, “ताटात नाव लिहिलं तेव्हा समोर कोण कोण होतं? आज हयात असलेलं?”

काकांनी मान वर केली. “आक्का आहे की.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, मुक्काम सांगली, ऐकायला कमी. कॉलिंग कार्डाचा नंबर मी फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. काका ओरडून म्हणाले, “आक्का! मी भाल बोलतोय! तुला मार्था थॉर्नली आठवते का?”

“कोण?”

“मार्था! मार्था!”

“अरे ओरडतोस काय? आपली मृणाल ना? तिला कशी विसरेन मी?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात वर केले. तीन शब्दांत सांगलीने दुवा जुळवून दिला होता. आता तो फक्त कागदावर यायचा होता.

आक्काच्या नातवाने तिला नोटरीकडे नेलं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. हिरव्या स्टँप पेपरवर आक्काचं स्वतःचं अक्षर. इंग्रजी भाषांतर मी करायचं ठरलं होतं म्हणून काका म्हणाले, “तूच वाच मोठ्याने.” मी वाचायला लागले.

“मी, श्रीमती वत्सला, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझा भाऊ भालचंद्र याचे लग्न अमेरिकन मुलगी मार्था थॉर्नली हिच्याशी माझ्या डोळ्यांसमोर झाले व त्याच दिवशी तिचे नाव मृणाल ठेवले. मी तिच्या शेजारी बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते तांदूळ शिजवण्यासाठी घ्यायला गेले, तर मृणाल पुसून त्यात कोणी इंग्रजी अक्षरे काढली होती. मला इंग्रजी येत नव्हते. ती मागे उभी होती. मी विचारले, काय ग हे? ती म्हणाली, मार्था. मी विचारले, पुसू का? तेवढे मराठी तिला येत होते, म्हणाली, पुसा वन्सं. मी पुसले नाही. ताट फडताळात वर ठेवून दिले आणि त्या दिवशी दुसरे तांदूळ लावले. आईला सांगितले नाही. भालला पण सांगितले नाही, त्याला वाईट वाटले असते. वरील मजकूर खरा आहे.”

माझं वाचून झाल्यावर काकांनी कागद घेतला. वाचायला तो डोळ्यांच्या अगदी जवळ न्यावा लागायचा, तेव्हा ते रडत होते की वाचत होते, हे मला दिसलं नाही. मग कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, “पोळ्यांना कणीक भिजवली आहेस का तू? मग जा. सुहास येईल.”

ट्रस्टींचा होकार आला. त्यांना तांदळाचं ताट म्हणजे नेमकं काय हे कितपत कळलं, देव जाणे. पण पत्राखाली मिस हॉब्सनी पेनाने एक ओळ लिहिली होती: जागा दोघांची आहे. काका ती वाचून म्हणाले, “म्हणजे मी घरजावई होणार! आईला कळलं असतं तर पुन्हा अटी घातल्या असत्या.”

ऑक्टोबरच्या एका दुपारी आम्ही गेलो. सुहासने रजा काढली होती आणि गाडी तोच चालवत होता. पेटी काकांच्या मांडीवर होती. रस्ता आम्ही एकदाही चुकलो नाही, त्यामुळे काकांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

फाटकातून आत गेल्यावर काका नेहमीप्रमाणे कुंपणाकडे वळले. मग थांबले. पेटी माझ्या हातात देऊन ते सरळ वाटेने गेले आणि सासऱ्यांच्या दगडासमोर उभे राहिले. दगडावर पाखरांची घाण पडली होती. त्यांनी पिशवीतून पाणी आणि ब्रश काढला आणि दगड वरपासून खालपर्यंत धुतला. मिस हॉब्स बाजूला उभ्या होत्या. त्यांनी शिकवलं होतं तसाच, हलक्या हाताने. नमस्कार मात्र केला नाही. “आज एवढंच,” मला म्हणाले.

आईशेजारी छोटा खड्डा तयार होता. पेटी आत ठेवण्याआधी काकांनी आणखी एक पिशवी उघडली. तिच्यातून स्टीलचं ताट निघालं आणि तांदळाची पुडी. गवतावर मांडी घालून त्यांनी तांदूळ ताटात पसरले, हाताने सारखे केले आणि बोटातली अंगठी काढली. सुजलेल्या सांध्यावरून ती लवकर निघेना. मग त्यांनी अंगठी चिमटीत धरली आणि हळूहळू, एकेक अक्षर, इंग्रजीत लिहिलं. शेवटचं अक्षर ताटाच्या कडेला जाऊन टेकलं.

डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मान वाकवून बघितलं. “शुभदा, नीट आलंय का गं? मला सगळं पांढरंच दिसतंय.”

मी गाडीतून आरसा आणला. झाडांमधून येणारं ऊन त्यात घेतलं आणि बाजूने, तिरकं, ताटावर पाडलं. तांदळात खोल गेलेल्या रेघांमध्ये सावल्या भरल्या आणि नाव उठून दिसायला लागलं. काकांनी ते एकदा मनात वाचलं, ओठ हलले. मग पेटीवर हात ठेवून त्यांनी हाक मारली.

“मार्था.”

त्यांना ते नीट म्हणता आलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं.